यू तुमिराचं मत

सोलो शहरातल्या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी चहाची टपरी आहे, आणि भिंतीपलीकडे सुरादी आणि तुमिरा राहतात. तुमिराला सगळी गल्ली ‘यू’ म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. आणि सुरादीला ‘कांग’, म्हणजे दादा.

केरिसची, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या कट्यारीची, पारख करून देणारा म्हणून नाव होतं ते कांगचं. माणूस मूळचा बस चालवणारा. आवाज भारदस्त, मिशा झुपकेदार, जीभ साखरेत घोळलेली. पण केरिसमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कळायचं ते यूला. तिचे वडील केरिसची म्यानं कोरायचे. पोटी मुलगा नव्हता, म्हणून सगळी विद्या त्यांनी लेकीला दिली. पात्याला नखानं टिचकी मारून नाद ऐकायचा. अंगावरची सांडलेल्या तांदळांसारखी नक्षी लोखंडाच्या पोटातून आली आहे की कुणी अ‍ॅसिड ओतून काढली आहे, ते बोटानं चाचपायचं. पण बाजाराची रीत अशी, की बाईनं पातं पुसावं, तेल लावावं. मत पुरुषानं द्यावं.

मग नवराबायकोनं युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की कांग त्याला गप्पांत गुंतवायचा. यू तेलाचं फडकं घेऊन बाहेर यायची, पातं पुसायची, आत जायची आणि भिंतीवरून मला हाक मारायची. “चहा पाठव गं!” म्हणजे माल जुना. “कॉफी पाठव!” म्हणजे नवा. कप समोर आला की कांग मिशांवरून हात फिरवून मत द्यायचा.

आता ही हाक माझ्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू यायची. कॉफी म्हटलं की बाकावरचे लोक हळहळायचे, “गेला बिचारा!” पुढे पुढे गिऱ्हाइकांनाही कळलं. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं ते एकट्या कांगला. आणि त्याला सांगायचा धीर कुणाला होणार? इतका खुशीत असायचा तो!

एकदा त्याची दाढ काढली. गाल भोपळ्यासारखा सुजला, तोंडून शब्द फुटेना. नेमका त्याच दिवशी वोनोगिरीहून पार्तोमो नावाचा बकऱ्यांचा व्यापारी आला. मुलाचं लग्न ठरलं होतं. नवरदेवाच्या कमरेला मागे खोचायची केरिस त्यानं कापडात गुंडाळून आणली होती.

“राजांच्या काळची आहे,” तो म्हणाला. “माझे काका सांगायचे. तेवढं तुमच्या तोंडून ऐकलं की व्याह्यांपुढे मान ताठ.”

कांग नुसताच “हं, हं” करत राहिला. यू फडकं घेऊन आली. पातं उपसलं, टिचकी मारली. मग म्यान उलटं करून आत बोट घातलं आणि तिथेच थबकली. मी कॉफी घेऊन दारात उभी. तिनं सांगितलीच नव्हती, पण माझा आपला अंदाज.

“नवी आहे,” यू म्हणाली. एवढंच. कांगसारखं घोळवून सांगायची सवय तिला कुठली?

पार्तोमोचा चेहरा उतरला. तो कापड गुंडाळायला लागला. कांगनं त्याचा हात धरून खाली बसवलं आणि बायकोला खूण केली, पुढचं बोल.

“तुमचे वडील जरा लंगडायचे का हो?” यूनं विचारलं.

“हो. पण मी लहान असतानाच गेले ते. तुम्हाला कसं ठाऊक?”

“हे म्यान माझ्या बापानं कोरलंय. आत त्याची खूण आहे, आणि ही लाकडाची गाठ मीच तेल चोळून चोळून उजळली. तुमचे वडील नवंकोरं पातं घेऊन आले होते, सोबत एक करडू. त्या करडानं माझ्या आईची चहात घालायला वाळत टाकलेली सगळी जाई खाऊन टाकली! आई ओरडत होती आणि तुमचे वडील हसत सुटले होते. म्हणाले, रागावू नका, मला मुलगा झालाय, त्याच्यासाठी घडवून घेतली ही केरिस.”

पार्तोमोनं गुंडाळलेलं कापड पुन्हा सोडलं आणि विचारलं, “हसले होते?”

“पोट धरून.”

त्यानं केरिस कपाळाला लावली. कॉफी तशीच निवून गेली. निघताना म्हणाला, “व्याह्यांना हेच सांगेन. राजाबिजा राहू द्या.”

तो गेल्यावर कांग सुजल्या तोंडानं बोबडं बोलला, “उद्यापासून तू बाहेर बस.”

“आणि तुम्ही?”

“मी बोलेन की! तू माणसाला अर्धमेलं करून सोडतेस.”

आता दोघं एकाच चटईवर बसतात. शेजारचे दुकानदार थोडे दिवस कुरकुरले, मग तेच आपापली पाती घेऊन यूकडे यायला लागले. ती दोन शब्दांत निकाल देते आणि कांग त्याला तासभर मलम लावत बसतो.

मी एकदा विचारलं, “यू, इतकी वर्षं आत बसलीस, राग नाही आला?”

“यायचा ना,” ती म्हणाली. “पण आत निदान डुलकी तरी काढता यायची. आता दिवसभर ह्यांचं बोलणं ऐकावं लागतं!”