डॉक्टरांच्या यादीला कुलूप

तुळजापुरात रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर मी बसते. कंपनी पुण्याची, ही तिची शाखा. आमच्या कॉम्प्युटरात एकच फाईल अशी, जिचा पासवर्ड मलासुद्धा ठाऊक नव्हता. कुठला डॉक्टर किती पेशंट पाठवतो, त्याची यादी. ती समोरच्या लॅबवाल्याच्या हाती लागली की धंदा बसला! आमचे मॅनेजर तिला जिवापाड जपायचे. पेशंटांचे रिपोर्ट मात्र उघड्या ट्रेमध्ये, गावागावाचे गठ्ठे करून, रबर लावून.

बाजाराला आलेलं कुणीही यायचं, ‘आमच्या गावचे द्या’ म्हणायचं आणि अख्ख्या गावाचे रिपोर्ट घेऊन जायचं. शेजाऱ्याची औषधं आणावीत तसं. कंपनीला ते सोयीचंच होतं, पोचवायला माणूस नको. निदान पाकिटं तरी चिकटवू, असं मी मॅनेजरना दोनदा सुचवलं.

“कोण चिकटवत बसणार? कुणाची तक्रार हाय का?”

तक्रार खरंच कुणाची नव्हती.

जळकोटच्या पुढं हायवेलगत एक गाव आहे. तिथली एक बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, त्या त्याच शाळेत. गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त आमच्याकडं आलं आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं. माझ्या सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजाऱ्यानं गावाचा गठ्ठा नेला. माणूस वाईट न्हाय, मदत म्हणूनच नेला. पण परतीच्या जीपमध्ये कागद या हातातून त्या हातात गेला. तिला कळायच्या आधी सगळ्या जीपला कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात आया उभ्या. चुलीजवळ यायचं न्हाय, असं तिला सांगून टाकलं. स्वयंपाकानं हा रोग लागत नाही, हे एकानंही ऐकून घेतलं नाही.

मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्याला फोन लावला. तिकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, लेखी तक्रार आलीय का? नाही म्हटलं. मग बघू, म्हणाले. काय बघणार होते, डोंबल!

चार दिवसांनी तिच्या सर्जनचा फोन आला. त्यांच्याच दवाखान्यातून बातमी फुटली, असं गावात झालं होतं आणि तिकडचे पेशंट यायचे थांबले होते. “उद्यापासून माझं सगळं काम समोरच्या लॅबला,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मॅनेजरना दरदरून घाम फुटला.

आठवडा गेला नसेल, पुण्याहून माणसं हजर. लोखंडी कपाट आलं, चिकटवलेली पाकिटं आली. पेशंटच्या मोबाईलवरचा ओटीपी टाकल्याशिवाय रिपोर्ट उघडणार नाही, असा नियम झाला. पेशंटची अब्रू गेली तेव्हा ढिम्म हलले नाहीत. डॉक्टर हातचा जातोय म्हटल्यावर धावत आले. मेल्यांनो, हेच आधी करायला काय धाड भरली होती? मॅनेजर पेढे घेऊन सर्जनकडं गेले. मी त्या बाईकडं जाऊन येते म्हटलं, तर म्हणाले, “अजिबात न्हाय. तुम्ही गेलात म्हंजे चूक कबूल केल्यासारखं व्हतं.”

दोनेक महिन्यांनी ती स्वतःच आली. दुसऱ्या एका डॉक्टरनं ऑपरेशनला होकार दिला होता, म्हणून पुन्हा तपासण्या. रिपोर्ट न्यायला आली तेव्हा पार वाळली होती. मी नाव टाकलं आणि मान खाली घालून म्हणाले, “मोबाईलवर नंबर आला असंल, तेवढा सांगा.”

“कशाला वो, ताई?”

“दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पोरींना वर्गात येगळं बसवतेत,” ती म्हणाली. “आता कुणापासनं लपवता?”

नंबर टाकल्याशिवाय रिपोर्ट उघडत नव्हता. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा सांगितला. मी तो टाकला.