मामांच्या समुद्रातल्या गोगलगायी

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही ही गोष्ट आजवर एकाच माणसानं मनाला लावून घेतली, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बाकीच्या लोकांना पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, लाईट नाही एवढी दुःखं पुरत होती. समुद्रावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मामांचं अडलं. मग ज्या कळंबात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं त्यांनी आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या जागी, चार फूट लांबीचा खाऱ्या पाण्याचा समुद्र आणून बसवला. टीव्ही तेव्हापासून ज्वारीच्या कोठीवर आहे आणि तिथून तो कुणालाच नीट दिसत नाही.

मामांची सगळी नोकरी नळ सोडण्यात गेली. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी टाकून ते गल्लोगल्ली हिंडायचे, रस्त्यातलं झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मग शेजारच्या नळाला कान लावून उभे राहायचे. पाणी कुठवर आलंय ते त्यांना नळीतल्या आवाजावरून कळे. पाहुण्यांकडे गेले तरी आधी नळाची विचारपूस, मग माणसांची. आमच्या लग्नात मुलीचा मामा म्हणून ते तिच्या पाठीशी उभे राहिले खरे, पण काखेत चावी घेऊन. तिसरी मंगलाष्टका सुरू होताच त्यांनी भटजींना विचारलं, "अजून किती हायत? खालच्या गल्लीचा टाइम झालाय." भटजींच्या घरीही त्याच गल्लीचं पाणी यायचं, त्यामुळं त्यांनी तिथंच 'शुभमंगल सावधान' उरकलं. आमच्या संसाराला दोन मंगलाष्टका कमी पडल्या आहेत, असं माझी बायको अजून अधूनमधून ऐकवते.

आता अशा गोड्या पाण्याच्या माणसाला खाऱ्या पाण्याचं वेड लागावं कसं? तर त्याला कारण मामी. लग्नाच्या वर्षी मामांनी मामींना समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. पण नळ सोडणाऱ्याला सुट्टी कसली! शब्द तसाच राहिला. मामा निवृत्त झाले तोवर मामींचे गुडघे गेले होते, आणि एसटीचं म्हणाल तर येरमाळा यायच्या आत त्यांना उलट्या सुरू व्हायच्या. त्यात डोळ्यांना काचबिंदू निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर राहील तितके दिवस राहील. त्या दिवशी मामा घरी आले, त्यांनी टेप घेतला आणि पुढची खोली मोजायला लागले. ते मला एवढंच म्हणाले, "जावईबापू, तिला नेता येत न्हाय तर त्यालाच हिकडं आणावं लागंल."

समुद्र उभा करणं हा प्रकार मी जवळून पाहिलेला आहे. पुण्याहून एसटी पार्सलनं मिठाच्या पिशव्या आल्या. पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेऊन मामा त्यात मीठ कालवायचे, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी राहून हळहळायची. मग त्याच पुण्याहून दगड आले. समुद्रातले, भोकाभोकांचे, वजनावर विकलेले. पार्सल उघडल्यावर मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो, मराठवाड्यात राहून दगूड इकत आणलाव? आपल्या रानात काय टंचाई पडली व्हती?" पाणी किती खारट झालंय ते मोजायला मामांनी छोटी दुर्बीण घेतली होती. मामी नुसतं बोट बुडवून जिभेला लावायच्या आणि आमटीबद्दल सांगावं तसं सांगायच्या, "आज जरा जास्त झालंय, पाणी घाला." मामा दुर्बिणीतून बघायचे आणि गुपचूप गोडं पाणी आणायला जायचे.

त्या समुद्रात एक पिवळा मासा, एक पट्ट्यापट्ट्याचं नारंगी जोडपं आणि एक प्रवाळ होतं. रीतसर पावतीसकट आणलेलं, वाटीएवढं, केशरी. चार वाजता वरचा दिवा लागला की ते उमलायचं आणि फुललेल्या करडईच्या बोंडासारखं दिसायचं. मामींनी त्याचं नाव करडईच ठेवलं. मासे हलते असल्यामुळं त्यांच्या नजरेतून निसटायचे, पण करडई एका जागी असायची. रोज चारला मामी स्टुलावर बसून काचेला नाक लावायच्या आणि उरलेल्या नजरेनं तिला पोटभर पाहून घ्यायच्या. मी एकदा म्हणालो, "मामी, समुद्र कसा वाटला?" तर म्हणाल्या, "बरा हाय. मला वाटलं व्हतं, आवाज लई करंल."

आणि एके दिवशी करडई उमललीच नाही.

मामांनी भिंग लावून पाहिलं तेव्हा दगडांवर जागोजाग खडूच्या बारीक तुकड्यासारख्या नळ्या उगवलेल्या दिसल्या. प्रत्येक नळीत एक गोगलगाय. ती चालत नाही, फिरत नाही. जागेवर बसून नळीच्या तोंडातून चिकट धागे सोडते, त्यात पाण्यातलं खाणं अडकलं की धागे परत ओढून घेते. ते धागे करडईला चिकटत होते आणि ती मिटून बसली होती. पुण्याच्या दगडांबरोबर हे फुकटचं आलेलं होतं. मामांना मात्र हा प्रकार लगेच ओळखीचा वाटला. "अनधिकृत कनेक्शन!" ते ओरडले. "मेन लाइनवर डायरेक ठोकलेत! शंभर तरी असतील."

पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं की यावर औषध नाही. तांब्याचं औषध टाकलं तर गोगलगायींबरोबर करडईही मरेल. एकेक नळी मोडायची आणि तिचं तोंड झटपट चिकटणाऱ्या डिंकानं बंद करायचं. कनेक्शन तोडून बूच मारण्यात मामांची हयात गेली होती, पण चार फुटी चावीला सरावलेल्या त्या हातात चिमटा राहीना. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन नळ्या मोडल्या आणि स्वतःची दोन बोटं एकमेकांना चिकटवून घेतली. मग ते दुसरा उपाय शोधायला लागले, आणि आमच्याकडं उपाय सांगणाऱ्यांचा दुष्काळ कधीच नसतो.

सगळ्या कळंबानं एकच सल्ला दिला. मीठ टाका! गेली काही वर्षं आमच्याकडं सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायींची धाड येते, त्यामुळं गोगलगाय मिठानं मरते हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. दूधवाला म्हणाला, मीठ. कटिंग करणारा म्हणाला, मीठ. मामा प्रत्येकाला घरी आणून काचेसमोर उभं करायचे आणि सांगायचे, "बाबा, हे समदं मीठच हाय. ह्या बाया मिठातच बाळंत होतेत." लोक मान डोलवायचे आणि निघताना दारातून म्हणायचे, "तरी पण थोडं खडं मीठ टाकून बगा."

माझे सासरे, म्हणजे मामांचे दाजी, तेर गावाजवळ शेती करतात. ते त्याच आठवड्यात आले आणि त्यांनी अनुभवाचे बोल ऐकवले. "मीठ ऱ्हाऊ द्या. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं अन् सरीला टाकायचं. सकाळी उचला, खाली पाटीभर गोगलगायी. गुळाला भुलत न्हाय असा जीव न्हाय." मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घरात विज्ञानाचा काही प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडं बघतात आणि मग मलाही काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. जागेला चिकटून बसलेली गोगलगाय गोणपाटाखाली चालत कशी जाणार, हे सातवीतल्या पोरानंसुद्धा विचारलं असतं. मी चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, "प्रयोग करून पाहायला हरकत नाही." आयुष्यात मी बरीच वाक्यं बोललो आहे, पण हे एक परत घेता आलं तर बरं होईल.

मामांनी हातरुमालाएवढं गोणपाट काळ्या गुळाच्या पाण्यात भिजवून समुद्राच्या तळाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "लगीच या." जाऊन बघतो तर समुद्राचं ताक झालेलं. गुळावर सूक्ष्मजीव माजले होते, पाण्यातला प्राणवायू संपला होता आणि तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. हे सगळं मी नववीला शिकवतो, तेही आकृतीसकट. गोगलगायी तेवढ्या आपापल्या नळीत ठणठणीत होत्या. मामांनी गोणपाट बाहेर काढलं. "म्या माझ्या हातानं मारली की तिची करडई," एवढंच म्हणत राहिले.

मामी बाहेर गेल्या आणि त्यांनी दारातूनच हाक दिली, "बायांनो, पाणी लागतंय!" मामा आयुष्यभर ह्या गल्लीला पाच मिनिटं जास्तीचं पाणी सोडत आले होते. घरोघरचे जार निघाले. मोठ्या पिंपात मीठ पडलं आणि मामींनी ताकाची थोरली रवी घेतली. शेजारणी आळीपाळीनं समुद्र घुसळत होत्या, मामी बोट बुडवून चव घेत होत्या, आणि "हां, आता झाला," असं त्यांनी म्हटलं की मी बादली उचलत होतो. दुपारपर्यंत मासे खाली गेले. करडई मात्र मिटलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मामींनी कोपरापर्यंत हात धुतले, साबण न लावता, आणि सरळ पाण्यात घातले. "मला दिसत न्हाय म्हणून काय झालं? पन्नास वर्सं तांदूळ निवडलेत. खडा बोटाला लागतोच." दगडावरून त्यांची बोटं फिरायची, नळीपाशी थांबायची, कट्कन मोडायची. "हितं," त्या म्हणायच्या, आणि मामा लगेच डिंकाचा थेंब द्यायचे. काचेला गाल लावून बसलेल्या मामांचा जुना आवाज परत आला होता. "एक कनेक्शन बंद! फुडं चला." महिना-दीड महिना रोज दुपारी हे चाललं. दोघांचं एवढं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. गोगलगायी संपल्या. पण तोवर मामींची नजरही बरीच संपत आली होती. आता त्यांना दिवा लागलेला कळतो, बाकी सगळं धुकं.

परवा चार वाजता मी गेलो होतो. मामी स्टुलावर, शेजारी मामा. दिवा लागला आणि मामा सांगायला लागले, "पिवळा आला बघ फुडं. जोडपं दगडामागं गेलंय, भांडायलेत वाटतं."

"अन् करडई?" मामींनी विचारलं.

"करडई? अगं, काय सांगू! समदी फुललीय. परवापेक्षा जास्त."

मी काचेकडं पाहिलं. करडईच्या जागी पांढरा, कोरा दगड होता. गुळाच्या त्या दिवसानंतर ती उमललीच नव्हती, हळूहळू झडून गेली होती. मामींनी माझ्या दिशेनं मान वळवली. "जावई, तुमी बगायलाव न्हवं? खरंच फुललीय का?" मामा माझ्याकडं बघत होते. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, असं मी दरवर्षी पोरांना प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

"व्हय मामी," मी म्हणालो, "लई फुललीय."

मामा खुशीत चहा टाकायला आत गेले. मामींनी आवाज एकदम खाली आणला. "तुमच्या मामांना कळू देऊ नका. मला गेल्या म्हैन्यातच बोटाला लागलंय. निस्ता दगूड हाय तिथं."

मीही आवाज खाली आणला. "मग रोज विचारता कशाला मामी?"

"इचारलं न्हाय तर त्यास्नी कळंल की, मला कळलंय म्हणून." मग म्हणाल्या, "अन् सांगतेत बी किती झ्याक. नळ सोडायचे तवा दोन शबुद बोलत नव्हते."

आतून कपबशीचा आवाज आला तशा त्या सावरून बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, मगाशी रंग सांगायचा ऱ्हायला की!" मामांनी माझ्या हातात कप दिला, आपलं स्टूल पुढं ओढलं आणि त्या कोऱ्या दगडाकडं बघत देठापासून सांगायला सुरुवात केली. चहात साखर घालायची ते विसरले होते. मी तसाच प्यालो आणि ऐकत बसलो.