तळ्यातली सातवी आजी

पिरिहिरा माझी सख्खी धाकटी बहीण. अख्ख्या माओरी मुलखात असल्या जिभेची दुसरी बाई दाखवा, गालावरचं गोंदण खरवडून देईन. तिला सगळं मीच शिकवलं.

आमच्या तळ्यावर थॉर्नडाइक नावाच्या गोऱ्याने दावा ठोकला. म्हणे, तळं पडीक आहे, यांचा हात लागलेला दाखवा. राणीचा कायदाच तसा. जज्ज तळ्याकाठी तंबू ठोकून बसला. तळं गेलं की वाम मासे गेले. मग आम्ही खायचं काय, थॉर्नडाइकची मेंढरं?

तळ्यात आमच्या पूर्वजांनी वाम धरायला खांबांचं कुंपण घातलंय. पाणी काळंभोर, खांब वीतभर खाली, एक दिसेल तर शपथ. पण प्रत्येक खांबाला रोवणाऱ्याचं नाव आहे, आणि कुणाचा खांब कुठे ते नावासोबतच पाठ. नावं ओळीने घेत पाऊल टाकायचं, की माणूस पलीकडे.

जज्जाला हे दाखवायला पहिला मी निघालो. मोठा कोण? मी! सहा खांब झोकात गेलो. सातव्याला धप्पकन गळ्यापर्यंत चिखलात.

"दादा, सातवी आजी होती!" पिरिहिरा काठावरून ओरडली. "बायकांची नावं गाळतोस. बुडवलं ना तिने?"

"मुद्दाम पडलो," मी म्हटलं. "खोली दाखवायला."

मग ती निघाली. तोंडाने नाव, पायाने खांब. एकतीस नावं, आणि पलीकडून जज्जाला हात केला.

"पडकी झाडं असतील पाण्यात," थॉर्नडाइक म्हणाला. "कुंपण कसलं?"

"मग चाला की त्यांच्यावरून. तुमचंच तळं ना?" पिरिहिरा पलीकडून ओरडली.

त्याने पाण्याजवळचा बूट मागे घेतला. जज्ज म्हणाला, निकाल उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंबाबोंब. खांब उपटून टाकायला थॉर्नडाइक उजाडताच पाण्यात घुसला होता. आता छातीपर्यंत रुतलेला, खांबाला मिठी मारून. पिरिहिरा काठावर वाम भाजत बसलेली.

"दोर टाक गं बाई!"

"दोर कशाला? पडकं लाकूड ना ते? त्याच्यावर बसा आणि तरंगत या."

"अगं तरंगतंय कुठलं! पक्कं रोवलंय! रांगच्या रांग रोवलीय!"

जज्ज तंबूच्या दारात उभा, गालाला साबण. कारकुनाला म्हणाला, "लिहून घे."

मग दोर टाकला. मी. ओढलाही मीच. तो खांब सातव्या आजीचाच होता असं पिरिहिरा म्हणते. मी काही मोजायला गेलो नाही.