बांधावरून ऐकलेलं गाणं

कॉलेजने पुन्हा एक अर्ज भरायला दिलाय. ‘संशोधनाचे विषय’ या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच ओळ लिहितो: आशियातली भातशेती, तिचा इतिहास आणि लोकसंस्कृती. आज तेवढंही लिहायचा कंटाळा आलाय. तेवढ्यात शिपाई गुलाबभाऊ घरच्या भाताची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपून तसेच कामावर आले, आणि त्यांच्या पोटऱ्यांवर वाळलेल्या चिखलाचा वास टेबलापर्यंत पोचला.

खूप वर्षांपूर्वी सिंदेवाहीजवळच्या एका शेतात हाच वास होता. प्रबंधासाठी रोवणीची गाणी टेप करायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत रोवणाऱ्या बायांपैकी पार्बताबाईंना बांधावर बसवलं आणि टेपरेकॉर्डर सुरू केला. दोन ओळी म्हणून त्या अडल्या. पुन्हा सुरुवात केली, तिथेच पुन्हा अडल्या. मांडीवरचे रिकामे हात उगाच हलत राहिले.

“बसून नाई होत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हात चालले का गानं येते. तुमी बी उतरा ना चिखलात.”

मी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग कॉलेजच्या टेपरेकॉर्डरकडे. “राहू द्या बाई, बस निघून जाईल,” म्हणालो आणि सामान आवरलं.

रस्त्याला लागलो तेव्हा बाया पुन्हा रोवायला वाकल्या होत्या. पाठीमागून गाणं आलं, अख्खं, कुठेही न अडता. समोर बस दिसत होती.

प्रबंधात मी लिहिलं, ‘ही गाणी आता बायांना आठवत नाहीत.’ पुढे चौघा संशोधकांनी ते वाक्य आपापल्या प्रबंधात घेतलं. त्यांच्यातलंही कुणी चिखलात उतरलं नसावं.