न बघितलेला चेहरा

माझे खैरुद्दीनचाचा दुबईत एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बारा वर्षं खानसामा होते. राजापूरकडचा हा माणूस कधी आवाज चढवत नसे. मीही तेव्हा दुबईतच कामाला होतो; त्यांच्या वाटचा राग मीच करायचो. साहेब सुट्टीवर गेला की किल्ली चाचांकडे राही. चाचा तिला अमानत म्हणत, विश्वासाने सोपवलेली ठेव. तिचा त्यांना किती अभिमान होता, काय सांगू!

दिवाणखान्यात एक ग्रीक घडा होता. अडीच हजार वर्षांचा, असं साहेबाने मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं. तांबूस मातीवर काळी चित्रं: सिंहाला कवेत धरून लोळवणारा दाढीवाला पहिलवान, आणि शेजारी शिरस्त्राण घातलेली एक देवी, म्हणे बापाच्या डोक्यातून जन्मलेली. तिचा चेहरा आणि हात तेवढे पांढरे. चाचांना मुळात माणसांची चित्रंच नकोशी, त्यात ही परक्यांची देवी! ते नजर खाली ठेवून, हाताच्या अंदाजानेच घडा रोज पुसत.

१९६४च्या उन्हाळ्यात साहेब दोन महिने विलायतेला गेला. तो यायच्या आदल्या दिवशी चाचांनी बंद बंगला उघडला. खाऱ्या हवेने गजांवर, पितळेवर पांढरा थर चढलेला. घड्यावरही डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसलं. आमच्या घरी मडक्याला मिठाचा लोणा धरला की करतात तेच त्यांनी केलं. चिंचेचं पाणी लावलं आणि काथ्याने घासलं.

संध्याकाळी मी बंगल्यावर पोचलो तेव्हा देवीला तोंड नव्हतं.

"रफिक, तो लोणा नव्हता रे," चाचा म्हणाले.

"आता रडून काय होणार? चुना कालवा, मी ब्रश आणतो. दोन मिनिटांत खलास!"

"चेहरा काढू? कयामतच्या दिवशी चित्र काढणाऱ्याला म्हणतील, यात जान घाल. तेव्हा काय करू?"

"मग मी काढतो."

"आणि अमानतीत खोट घालू?"

राग आला होता, पण तो काढायचा कोणावर?

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच घडा साहेबापुढे ठेवला. "साहब, मैंने कभी उसकी तरफ देखा नहीं. नमक समझा."

"बारा साल रोज साफ किया, और देखा नहीं?" साहेब कोरडं हसला. "झूठ तो ठीक से बोलो."

मी मध्ये पडलो. पण पुतण्याच्या साक्षीला कोण विचारतो? साहेबाने नोकरी ठेवली, हात पुढे करून किल्ली तेवढी मागून घेतली. चाचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले. "रफिक, तुला तरी पटतं ना?"

"हो, चाचा," मी म्हणालो. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबलो होतो, आणि ते त्यांना कळलं.