वाचणारा गप्प झाला की

एका मंगळवारी पेठ वडगावच्या रस्त्यावर आक्कासाहेबांनी गाडी थांबवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या डावीकडे येऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही.

आक्कासाहेब सरदार घराण्यातल्या सून. सासूबाईंच्या मोटारीला पडदे असत. यांनी पदर हेल्मेटच्या आत खोचून मोटारींच्या रॅली मारल्या, त्याही पन्नाशी जवळ आलेली असताना. सरावाच्या वेळी घाटात एका ट्रकवाल्यानं हटकलं, "बाई, गाडी शिकताय व्हय?" घाट चढून त्या कडेला त्याची वाट बघत थांबल्या. तो आल्यावर म्हणाल्या, "पावणं, शिकून झालं की. तुम्ही कुठं ऱ्हायलासा?"

मी शिवाजी पेठेतल्या एका वाचनालयात कामाला होते. शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. एकदा त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "बाई, तुमचा आवाज चढत न्हाई आन् पडत न्हाई. मोटारीत वाचाल?" रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी एकजण वही घेऊन बसतो आणि पुढची वळणं वाचून सांगतो. तोवर हे काम त्यांचा भाचा करायचा. पण वळण आलं की तो डोळे मिटायचा. मी गडमुडशिंगीची, आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती. पण वहीतून डोळे वर काढायचे नाहीत, एवढंच काम होतं, आणि ते मला लहानपणापासून जमत होतं.

त्यांचा नियम एकच. "वाचणारा गप्प झाला, की चालवणाऱ्यानं थांबायचं. पान चुकलं आसंल, जीव घाबरला आसंल. कारण मागनं इचारायचं." मलाही त्यांनी गाडी शिकवली. "नुसतं वाचून कुठं पोचतंय व्हय माणूस?"

वडगावच्या पलीकडच्या वाड्यांवरून बाळंतपणाला बायका बैलगाडीतून दवाखान्यात येतात हे कळलं, तेव्हा त्यांनी रॅली सोडली आणि आपल्या जीपची रुग्णवाहिका केली. आतल्या सामानासाठी बक्षिसाचे कप गुजरीत मोडायला नेले. सराफ चाचरत म्हणाला, "आक्कासाहेब, ह्यो नुसता मुलामा हाय." त्यांनी हातातल्या पाटल्या काढून पुढं ठेवल्या. "ह्या जिंकलेल्या न्हाईत. पण खऱ्या हायत."

गाडी त्या स्वतः चालवत, मी शेजारी असायचे. मागून एखादी सासू ओरडायची, "आक्कासाहेब, हळू हाणा, दोन जीव हायत आत!" त्या म्हणायच्या, "म्हणून तर हाणतोय!"

मग कधीतरी त्यांनी मला पुन्हा वही काढायला लावली. वडगावचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. मी विचारलं, तर म्हणाल्या, "सवय ऱ्हाऊ दे." मी वाचत गेले. काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं की मी जे वाचत नाही, ते त्यांना दिसत नाही. काचबिंदूनं कडेची नजर गेली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझं वाचन त्यांचे डोळे झालं होतं.

त्या मंगळवारी एका वाडीवर एक पोरगी कळा देत होती. डावीकडून सायकलवाला आला. मी ओरडले. ब्रेक लागला, तो वाचला, शिव्या देत गेला. गाडी पुन्हा निघाली. मी वही मिटली आणि गप्प बसले.

"पान चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आक्कासाहेब. पान बरोबर आहे."

थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी कडेला घेतली. समोर बघत म्हणाल्या, "उतरा. तिकडं पोरगी वाट बघतीया." मी उजवीकडे बसले. त्या म्हणाल्या, "दीडशेवर उजवं. खडी आसती, दुसरा गिअर घाला." त्यांच्या हातात वही नव्हती. आम्ही वेळेत पोचलो. पोरगीला मुलगी झाली.

पुढची काही वर्षं त्या डावीकडे बसून मला वळणं सांगत राहिल्या. रस्ता रुंद झाला, त्यातली काही वळणं गेली. तरी त्या सांगायच्या, आणि मी तिथं गिअर बदलायचे.

त्या गेल्या, त्याला महिना होईल. शेजारी आता कुणी बोलत नाही. नियमानं थांबायला हवं. पण वडगावहून फोन आलेला असतो. गाडी मी चालवते.