नैवेद्याचं मीठ

लंकाबाईने नैवेद्याचा स्वयंपाक कधी चाखला नाही. देवाआधी जिभेला लागलं की अन्न उष्टं, असं तिच्या आईने शिकवलेलं. मीठ ती अंदाजानेच टाकायची, आणि ते नेमकं पडायचं. गंगापूर रोडच्या बंगल्यांत कुळाचार असला की बोलावणं तिलाच. बरोबर कलाबाई असायची. चिरायला, वाटायला आणि लोकांशी बोलायला. लंकाबाईचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा, ऐकू कमी यायचं.

सत्त्याण्णवच्या वैशाखात कान फारच चिघळला. ऑपरेशन झालं. कलाबाई उशाशी बसून राहिली. स्वतःच्या हाताने तिला पेज भरवली.

कान बरा झाला, ऐकूही येऊ लागलं, पण तोंड बिघडलं. भाकरीलाही लोखंडाची चव. पूर्वी नैवेद्य झाल्यावर प्रसादाच्या पहिल्या घासाला लंकाबाई आपला हात तपासायची. कमी-जास्त असेल तर पुढच्या वेळी हात आपोआप सुधारायचा. आता घास नुसता तोंडात फिरत राहायचा.

"कलाताई, मीठ बराबर हाय का गं?"

"तुझा हात कधी चुकलाय? गुमान जेव."

ती गुमान जेवायची.

दिवाळीनंतर ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस जिभेच्या डाव्या कडेला टेकवला. खारट. मग उजव्या कडेला. काहीच नाही. त्यांनी तिच्या हातात आरसा आणि भिंग दिलं. डावीकडे खसखशीएवढे तांबडे ठिपके दिसत होते. उजवीकडे विरळ, बसके.

"या ठिपक्यांत चवीच्या कळ्या असतात," डॉक्टर जुन्या सवयीने मोठ्याने म्हणाले. "भिंगानेही दिसत नाहीत इतक्या बारीक. आतल्या पेशी लसणाच्या पाकळ्यांसारख्या चिकटून बसलेल्या. दहा-बारा दिवसांत जुन्या मरतात, नव्या येतात. पण नस जिवंत असेल तरच. जिभेच्या पुढच्या भागाची ती नस कानातून जाते. सडलेलं हाड काढताना ती वाचवता आली नाही."

"मंग आधी सांगायचं ना, सायेब."

"सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुमच्या बहिणीला. चव जाऊ शकते, तुम्हाला विचारून कळवा म्हटलं. त्या बाहेर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, करा."

लंकाबाईला बहीण नव्हती.

कलाबाई दारात शेंगा निवडत होती. लंकाबाईने विचारल्यावर तिने काही नाकारलं नाही.

"सांगितलं असतं तर ऑपरेशनच्या टेबलावर चढली असतीस?"

"नसते."

"मंग? पू मेंदूत गेला असता. मेली असतीस."

"मेले असते. इचारायचं तरी."

दोघी बराच वेळ शेंगा निवडत बसल्या. तिने आपल्या जिवासाठी केलं, लंकाबाईने स्वतःला सांगितलं. एवढं पोटात घालता येतं.

चंपाषष्ठीला गंगापूर रोडच्या संध्यावहिनींकडे खंडोबाचा नैवेद्य होता. बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत. कलाबाईला उशीर झाला होता.

वहिनी ताट घेऊन आत आल्या. "कलाबाई नाही आल्या? थांबू या मग. मीठ त्या बघतात ना."

"नैवेद्याचं मीठ कुनी बघत नसतं, वहिनी."

वहिनी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, एव्हाना तुम्हाला कळलं असेल. गौरीच्या वेळी आमटी तोंडात घालवेना. तेव्हापासून त्याच चाखून नीट करतात. तुमची चव गेलीये, हे त्यांनी सगळ्यांकडे सांगून ठेवलंय. तुमच्यासमोर बोलू नका म्हणाल्या."

"सगळ्यांकडे?"

वहिनींनी ताट ओट्यावर ठेवलं.

तेवढ्यात कलाबाई आली. पाय धुऊन, पदर खोचून सरळ पातेल्याशी गेली. चमचा उचलल्यावर तिने दोघींकडे पाहिलं.

"चाख," लंकाबाई म्हणाली. "रोज चाखतीस ना. माझ्या म्होरं चाख."

"लंका, लोकांनी तुला बोलावणं बंद केलं असतं गं."

"मला कुठं बोलवत होते? माझं नाव, तुझी जीभ. आन् देवाला उष्टं."

कलाबाईने चमचा खाली ठेवला.

लंकाबाईने रोडग्याचा तुकडा मोडला. भरीत घेतलं आणि तोंडात घातलं. घास जिभेच्या डाव्या कडेला सारला. सावकाश चावला.

"खारट झालंय," ती म्हणाली. "वहिनी, हे देवाला चालायचं नाय. दुसरं करून घ्या."

तिने हात धुतले आणि ती निघाली. कलाबाई मागून दोनदा काहीतरी म्हणाली. लंकाबाईला ते ऐकू आलं. आता दोन्ही कानांनी येत होतं.